औषध जेथे हवे तेथेच : मेंदूच्या अर्बुदावरील नॅनोतंतूंची स्थानिक चिकित्सा

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. छप्पन्न वर्षांचे एक शिक्षक डोकेदुखीची तक्रार घेऊन माझ्या चिकित्सालयात आले. पहाटे वेदना अधिक, दिवस चढला की कमी. वातप्रधान शिरःशूल समजून मी तीन आठवडे चिकित्सा केली. थोडा उतार पडल्यासारखे वाटले. चौथ्या आठवड्यात त्यांना आयुष्यातील पहिला झटका आला. एमआरआय तपासणीत उजव्या शंखखंडात गाठ आढळली आणि शस्त्रक्रियेनंतर आलेल्या विकृतिविज्ञानाच्या अहवालात ‘ग्लायोब्लास्टोमा’ असे निदान होते. ते तीन आठवडे माझ्या मनातून अद्याप गेलेले नाहीत.

पुढे किरणोपचार सुरू असताना त्यांचा मुलगा वर्तमानपत्राचे एक कात्रण घेऊन माझ्याकडे आला. मेंदूत ठेवावयाच्या औषधयुक्त नॅनोतंतूंची ती बातमी होती. त्याने दोन प्रश्न विचारले. “डॉक्टर, हे बाबांना मिळू शकेल का? आणि आपली भस्मेही नॅनोच असतात असे म्हणतात, मग तीच दिली तर चालणार नाही का?” दोन्ही प्रश्नांची समाधानकारक उत्तरे मला त्या दिवशी देता आली नाहीत. असे प्रश्न आज आपल्यापैकी अनेकांपुढे येतात. म्हणून या विषयाची जी माहिती मी नंतर मिळवली, ती वैद्यबंधू-भगिनींपुढे व औषधनिर्मात्यांपुढे ठेवीत आहे.

व्याधीचे स्वरूप

मेंदूतच उत्पन्न होणाऱ्या घातक अर्बुदांपैकी ग्लायोब्लास्टोमा हे प्रौढांत सर्वाधिक आढळणारे अर्बुद होय. त्याची खरी अडचण आकारात नसून कडेत आहे. त्याला स्पष्ट सीमा नसते. दुधात विरजण मिसळावे तशा त्याच्या पेशी भोवतालच्या निरोगी मेंदूत, विशेषतः श्वेतद्रव्याच्या तंतूंच्या वाटेने, मिसळलेल्या असतात. शल्यचिकित्सकास दिसणारी गाठ पूर्ण काढली तरी न दिसणाऱ्या पेशी मागे राहतात. अमेरिकेतील शल्यचिकित्सक वॉल्टर डँडी यांनी १९२८ मध्ये अशा काही रुग्णांच्या मेंदूचा संपूर्ण उजवा अर्धगोल काढल्याचे वृत्त प्रसिद्ध केले. तरीही व्याधीवर कायमचा विजय मिळाला नाही. बहुसंख्य रुग्णांत पुनरुद्भव होतो तो मूळ गाठीच्या कडेपासून सुमारे दोन सेंटिमीटरांच्या आतच.

सध्याच्या प्रमाण चिकित्सेचा पाया २००५ मध्ये रॉजर स्टुप व सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाने घातला. ५७३ रुग्णांच्या त्या अभ्यासात केवळ किरणोपचार घेतलेल्यांचे मध्यम आयुर्मान १२.१ महिने, तर किरणोपचारासह टेमोझोलोमाइड घेतलेल्यांचे १४.६ महिने आढळले. दोन वर्षांनंतर हयात असणाऱ्यांचे प्रमाण १०.४ टक्क्यांवरून २६.५ टक्क्यांवर गेले. ही प्रगती निश्चितच महत्त्वाची आहे. तथापि आकड्यांवरूनच तिची मर्यादाही कळते.

मेंदूचा द्वारपाल

औषधे असूनही यश इतके मर्यादित का, याचे एक प्रमुख कारण रक्त-मस्तिष्क अवरोध हे आहे. पॉल एर्लिश यांनी १८८५ च्या सुमारास प्राण्यांच्या रक्तात रंगद्रव्ये सोडली असता जवळजवळ सर्व अवयव रंगले, मेंदू मात्र कोरा राहिला. पुढे १९१३ मध्ये त्यांचे शिष्य एडविन गोल्डमन यांनी रंग थेट मस्तिष्कजलात सोडला. तेव्हा मेंदू रंगला आणि इतर अवयव कोरे राहिले. मेंदूला रंगाचे वावडे नव्हते; रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये एक दार होते आणि ते बंद होते, हे या दोन प्रयोगांवरून ध्यानात आले.

हे दार म्हणजे मेंदूतील केशवाहिन्यांचे अंतःस्तर. अन्यत्र या पेशींमध्ये फटी असतात, येथे त्या घट्ट सांधलेल्या असतात. त्यातूनही जे आत शिरते, त्यापैकी पुष्कळसे बाहेर ढकलणारे प्रथिनरूपी पंप त्या पेशींत असतात. पॅक्लिटॅक्सेल हे कर्करोगावरील प्रभावी औषध याच पंपांमुळे मेंदूत पुरेसे पोहोचत नाही. टेमोझोलोमाइड आत जाते, परंतु रक्तातील मात्रेच्या मानाने मस्तिष्कजलातील त्याची मात्रा बरीच कमी, सुमारे एक पंचमांश असते. मात्रा वाढवावी तर अस्थिमज्जेवर दुष्परिणाम होऊन बिंबाणू व श्वेतपेशी घटतात. थोडक्यात, मेंदूत औषध पोहोचविण्यासाठी साऱ्या शरीरास औषधाने न्हाऊ घालावे लागते.

येथेच एक सरळ विचार पुढे येतो. शल्यचिकित्सकाने कवटी उघडलेलीच आहे, गाठ काढून पोकळीही झाली आहे. मग औषध दाराबाहेरून पाठविण्याऐवजी आतच का ठेवू नये?

पहिली पायरी : औषधी चकती

हा विचार प्रथम प्रत्यक्षात आणला तो जॉन्स हॉपकिन्स येथील शल्यचिकित्सक हेन्री ब्रेम व एमआयटीतील रसायन-अभियंते रॉबर्ट लँगर यांनी. शरीरात विरघळणाऱ्या पॉलिमरमध्ये कार्मुस्टिन हे औषध मिसळून त्यांनी चकती तयार केली. ‘ग्लियाडेल’ या नावाने तिला अमेरिकेत १९९६ मध्ये पुनरुद्भूत ग्लायोब्लास्टोमासाठी व २००३ मध्ये नव्याने निदान झालेल्या उच्च श्रेणीच्या ग्लायोमासाठी मान्यता मिळाली. एका चकतीत ७.७ मिलिग्रॅम कार्मुस्टिन असते आणि पोकळीच्या भिंतींवर जास्तीत जास्त आठ चकत्या ठेवतात. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २२२ रुग्णांच्या अभ्यासात पुनरुद्भव झालेल्यांचे मध्यम आयुर्मान २३ आठवड्यांवरून ३१ आठवडे झाले. २००३ मधील २४० रुग्णांच्या अभ्यासात, नव्याने निदान झालेल्यांत ते ११.६ महिन्यांवरून १३.९ महिन्यांवर गेले.

लाभ सिद्ध झाला, पण मोजका. कारणेही अभ्यासकांस दिसू लागली. चकती कडक असते, त्यामुळे खडबडीत पोकळीच्या भिंतीला ती सर्वत्र चिकटून राहत नाही. औषधाचा मोठा भाग पहिल्या काही दिवसांतच बाहेर पडतो, तर अर्बुदाच्या पेशी काही महिने वाट पाहू शकतात. मेंदूचा शोथ, झटके, जखम न भरणे, जंतुसंसर्ग, मस्तिष्कजलाची गळती हे उपद्रवही नोंदले गेले. म्हणून संशोधकांनी चकतीऐवजी अशा वस्तूचा शोध सुरू केला, जी कापडासारखी लवचिक असेल आणि औषध ठरवलेल्या गतीने, ठरवलेल्या दिवसांपर्यंत देत राहील. नॅनोतंतू हे त्या शोधाचे फळ होय.

तंतू कसा काढतात?

जत्रेत ‘म्हातारीचे केस’ करणारा आपण पाहिलेला आहे. वितळलेली साखर गरगर फिरणाऱ्या भांड्याच्या छिद्रांतून बाहेर फेकली जाते आणि तिचे केसांसारखे धागे होतात. नॅनोतंतू काढताना फिरण्याच्या जोराऐवजी विजेचा जोर वापरतात. या पद्धतीस इलेक्ट्रोस्पिनिंग म्हणतात. पॉलिमर व औषध योग्य द्रावकात विरघळवून ते द्रावण पिचकारीत भरतात. सुईच्या टोकास साधारणतः दहा ते तीस हजार व्होल्ट दाब देतात आणि समोर काही सेंटिमीटरांवर धातूचा संग्राहक ठेवतात. सुईच्या टोकावरील थेंब विद्युत्प्रभावाने ताणला जाऊन शंकूच्या आकाराचा होतो व त्याच्या टोकातून एक बारीक धार सुटते. हवेत वेटोळे घेत ती अधिकाधिक बारीक होते, द्रावक उडून जातो आणि संग्राहकावर कोरड्या तंतूंचे पातळ कापड साचते. मनुष्याच्या केसाची जाडी सर्वसाधारणपणे पन्नास ते शंभर मायक्रोमीटर. हे तंतू त्याच्या शतांश किंवा त्याहूनही बारीक असू शकतात. मूळ कल्पना नवी नाही. अँटन फॉर्महाल्स यांनी १९३४ मध्ये तिचे एकस्व मिळविले होते. औषधासाठी तिचा विचार मात्र अलीकडच्या काळातला.

तंतूंसाठी बहुधा पीएलजीए, पीएलए व पीसीएल हे पॉलिमर वापरतात. पीएलजीए हा लॅक्टिक व ग्लायकोलिक आम्लांपासून बनतो आणि शरीरात पुन्हा त्याच आम्लांत विघटित होतो. शस्त्रक्रियेतील विरघळणारे टाके याच जातीच्या पॉलिमरचे असतात. दोन घटकांचे प्रमाण बदलले की विघटनाचा काळ बदलतो : समप्रमाणातील पीएलजीए एकदोन महिन्यांत जाते, पीसीएलला दोन वर्षांहून अधिक काळ लागू शकतो. औषध किती दिवस मिळावे, हे अशा रीतीने तंतूच्या घडणीतच निश्चित करता येते.

क्षारसूत्राचे स्मरण

वैद्यवाचकांस येथे क्षारसूत्राचे स्मरण झाल्यावाचून राहणार नाही. तागाच्या सूत्रावर स्नुहीक्षीराचे अकरा, स्नुहीक्षीर व अपामार्गक्षाराचे सात आणि स्नुहीक्षीर व हरिद्रेचे तीन असे एकवीस लेप आपण देतो. ते सूत्र भगंदराच्या मार्गात राहून औषध तेथेच व हळूहळू देते आणि आठवड्याने बदलले जाते. तंतू हा औषधाचा वाहक होऊ शकतो, हे तत्त्व आपल्याला नवे नाही.

मात्र साम्य येथेच थांबते, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगावयास हवे. क्षारसूत्र छेदनही करते, नॅनोतंतू करीत नाही. सूत्र आठवड्याला बदलता येते. मेंदूत ठेवलेले कापड बदलण्यासाठी पुन्हा कवटी उघडता येत नाही. म्हणून पहिल्या दिवशीच त्यात सर्व काळाचे नियोजन असावे लागते. क्षारसूत्रापासून घ्यावयाचा खरा धडा निराळा आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने अनेक केंद्रांत शस्त्रक्रियेशी त्याची यादृच्छिक तुलना केली. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात क्षारसूत्राने जखम भरण्यास अधिक काळ लागला, पण पुनरुद्भवाचे प्रमाण शस्त्रक्रियेच्या ११ टक्क्यांच्या तुलनेत ४ टक्के राहिले. गुण व उणीव दोन्ही उघड मांडल्यामुळेच या उपक्रमास आधुनिक शल्यचिकित्सकांचाही आदर लाभला. नॅनोतंतूंनाही हीच कसोटी लावली पाहिजे.

प्रयोगशाळेत काय घडले?

सिंगापूर येथे २००६ मध्ये शिए व वांग यांनी पॅक्लिटॅक्सेलयुक्त पीएलजीए तंतू तयार केले. त्यांतून साठ दिवसांहून अधिक काळ औषध मिळत राहिले आणि उंदराच्या ग्लायोमा पेशींवर त्याचा परिणाम दिसला. रक्तातून मेंदूत न जाणारे औषध स्थानिक मार्गाने उपयोगी पडू शकते, याचे हे निदर्शन होते.

भारतातील महत्त्वाचे कार्य कोची येथील अमृता नॅनोविज्ञान केंद्रात झाले व २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. तेथील संशोधकांनी पीएलजीए, पीएलए व पीसीएल यांच्या विविध मिश्रणांचे टेमोझोलोमाइडयुक्त तंतू प्रथम स्वतंत्रपणे तपासले. काही तंतू काही तासांत औषध सोडत, तर काही महिन्यांनी. नंतर गणित करून निवडक तंतू एकाच कापडात एकत्र काढले. एका गटाचे औषध संपत आले की दुसऱ्याचे सुरू व्हावे, अशी ही योजना. उंदरांच्या मेंदूतील अर्बुदात दिवसाला सुमारे ११६ मायक्रोग्रॅम औषध स्थिर गतीने मिळाले आणि रक्तात ते नगण्य उतरले. सर्वांत बोलका निष्कर्ष पुढेच आहे. सात दिवस औषध देणाऱ्या कापडाच्या गटात ५४.६ टक्के प्राण्यांत अर्बुद परतले व मध्यम आयुर्मान ७४ दिवस राहिले. एक महिना औषध देणाऱ्या कापडाच्या गटातील ८५.७ टक्के प्राणी चार महिन्यांहून अधिक जगले. औषध तेच, जागा तीच. फरक काळाचा होता.

अमेरिकेतील जॉर्जिया टेक येथे रवी बेल्लमकोंडा व सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये निराळीच युक्ती दाखविली. अर्बुदपेशी श्वेतद्रव्याच्या तंतूंवरून सरकतात, हे ध्यानी घेऊन त्यांनी एका दिशेने रचलेल्या पीसीएल नॅनोतंतूंची वाट उंदराच्या मेंदूत ठेवली. पेशी त्या वाटेने मेंदूबाहेर ठेवलेल्या औषधयुक्त जेलपर्यंत आल्या व तेथे नष्ट झाल्या. व्याधीच्या स्वभावाचाच उपयोग करून घेण्याची ही कल्पना विचारप्रवर्तक आहे.

उणिवा

हे सर्व वाचून हुरळून जाण्याचे कारण नाही. उंदराचा मेंदू सुमारे दोन ग्रॅमचा, मनुष्याचा सुमारे चौदाशे ग्रॅमचा. स्थानिक औषध प्रभावी मात्रेत काही मिलिमीटरच पसरते, तर अर्बुदपेशी सेंटिमीटरांच्या अंतरावर दडलेल्या असतात. प्रयोगातील अर्बुद बहुधा एकाच जातीच्या पेशींचे असते, रुग्णातील अर्बुदात अनेक प्रकारच्या पेशी असतात व त्यांतील काही औषधाला दाद देत नाहीत. आणि पोकळीत बाह्य वस्तू ठेवली की शोथ व संसर्ग यांचे भय आलेच.

औषधनिर्मात्यांनी ध्यानात घ्यावयाच्या अडचणी निराळ्या आहेत. द्रावकाचा लवलेशही कापडात राहता कामा नये. निर्जंतुकीकरण उष्णतेने करावे तर पॉलिमर मऊ पडतो, गॅमा किरणांनी करावे तर त्याच्या साखळ्या तुटून औषध सुटण्याची गती बदलू शकते. आर्द्रतेने कापड साठवणीतच विघटित होऊ लागते. तंतूच्या पृष्ठभागावर साचलेले औषध पहिल्याच दिवशी एकदम सुटते. क्षारसूत्राचा लेप एका जागी जाड व दुसऱ्या जागी पातळ बसला तर काय होते, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांस प्रत्येक चौरस सेंटिमीटरात समान औषध असण्याचे महत्त्व वेगळे सांगावयास नको.

आपले कर्तव्य

ही चिकित्सा आपल्या हातची नाही. रुग्ण मात्र आधी आणि नंतरही आपल्याकडेच येतो. यास्तव पुढील गोष्टी आचरणात असाव्यात.

एक, चाळिशीनंतर नव्याने सुरू झालेली व वाढत जाणारी डोकेदुखी, पहाटे अधिक होणारी वेदना, मळमळीविना उलटी, प्रौढ वयात प्रथमच आलेला झटका, हातापायातील दुर्बलता, वाणीत किंवा स्वभावात अचानक पडलेला फरक, यांपैकी काहीही आढळल्यास प्रथम मेंदूची प्रतिमा-तपासणी करून घ्यावी. चिकित्सेने उतार पडला म्हणून तपासणी लांबवू नये. माझ्या हातून झालेली चूक हीच.

दोन, कवटीतील दाब वाढलेल्या रुग्णात वमन कटाक्षाने टाळावे. शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णात नस्य, शिरोबस्ती, शिरोधारा वा शोधन उपक्रम संबंधित शल्यचिकित्सकांच्या संमतीवाचून करू नयेत.

तीन, झटक्यांसाठी फेनिटॉइन चालू असल्यास विशेष दक्षता घ्यावी. पिंपळी व मिरीतील पायपरिन फेनिटॉइनची रक्तातील मात्रा वाढविते, असे १९८७ मधील निरोगी स्वयंसेवकांवरील अभ्यासात दिसले. म्हणजे त्रिकटुयुक्त कल्प निरुपद्रवी समजू नयेत. उलट मुंबईतील संशोधकांनी १९९२ मध्ये शंखपुष्पीच्या एका कल्पामुळे फेनिटॉइनची मात्रा घटून झटक्यांवरील नियंत्रण सुटल्याचे नोंदविले. रुग्ण काय काय घेतो, हे दोन्ही बाजूंच्या चिकित्सकांना ठाऊक असलेच पाहिजे.

चार, डेक्सामेथासोन रुग्णास एकाएकी बंद करू देऊ नये. टेमोझोलोमाइड घेणाऱ्या रुग्णास ताप आला किंवा अंगावर रक्ताचे ठिपके दिसले, तर काढा देऊन वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालयात पाठवावे.

पाच, औषधनिर्मात्यांनी कर्करोग बरा करण्याचा दावा जाहिरातीत करू नये. १९५४ चा औषधे व जादूचे उपाय विषयक कायदा त्यास मनाई करतो, आणि कायदा नसता तरी विवेकाने मनाई केलीच असती.

दोन प्रश्नांची उत्तरे

आता त्या मुलाच्या प्रश्नांकडे वळतो. पहिल्याचे उत्तर असे की मेंदूच्या अर्बुदासाठी औषधयुक्त नॅनोतंतूंचे कापड आजमितीस नित्य चिकित्सेत उपलब्ध नाही. वर सांगितलेले यश पेशींवरील व प्राण्यांवरील आहे. वर्तमानपत्रातील बातमी खोटी नव्हती. प्रयोगशाळेपासून रुग्णशय्येपर्यंतचा मार्ग किती लांब आहे, हे मात्र तिने सांगितले नव्हते.

दुसऱ्याचे उत्तर आपल्यासाठी अधिक महत्त्वाचे आहे. काही भस्मांत नॅनो आकाराचे कण आढळतात, हे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने दिसले आहे. परंतु कण सूक्ष्म असणे आणि औषध इष्ट स्थानी, इष्ट मात्रेत, इष्ट काळापर्यंत पोहोचणे, या दोन सर्वस्वी भिन्न गोष्टी आहेत. मुखावाटे दिलेले भस्म रक्त-मस्तिष्क अवरोध ओलांडून अर्बुदापर्यंत जाते असे दाखविणारा पुरावा नाही. हळदीतील कर्क्युमिन तंतूंत भरून ग्लायोमा पेशींवर प्रयोग झाले आहेत, तेही अद्याप प्रयोगच आहेत. ‘नॅनो’ हा शब्द मापाचा आहे, गुणाचा नव्हे. कोचीच्या प्रयोगात तंतू दोन्ही गटांत नॅनोच होते. प्राणी वाचले ते काळाच्या नियोजनाने. देश, मात्रा आणि काल यांचा विचार केल्यावाचून औषध देऊ नये, हे आपण पदवीच्या पहिल्या वर्षापासून शिकत आलो आहोत.

ते शिक्षक निदानानंतर सोळा महिने जगले. शेवटच्या महिन्यांत त्यांची झोप, भूक, मलप्रवृत्ती व शय्याव्रण यांची काळजी मी त्यांच्या तज्ज्ञांच्या संमतीने घेतली. तो मुलगा आजही घरच्यांना घेऊन माझ्याकडे येतो. त्याने मला तीन आठवड्यांबद्दल कधी विचारले नाही. पहाटेच्या डोकेदुखीचा रुग्ण समोर बसला की मी मात्र प्रथम तपासणीची चिठ्ठी लिहितो, आणि मग नाडी पाहतो.